वाकडे टाके उसवू नका

पत्र : «ताई, मी पाटण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. पाचवी ते सातवी मिळून ३८ मुलं माझ्याकडे कार्यानुभवाला असतात. जानेवारीअखेर स्नेहसंमेलन आहे. व्हरांड्यातल्या भिंतीवर लावायला मुलांच्या हातचं एक मोठं कापडी वॉल हँगिंग करायचं ठरलंय. मुख्याध्यापकांना त्यावर शाळेचं नाव ठसठशीत हवंय. सातवीतली मुलं म्हणतात, शिवण हे पोरींचं काम. एका पालकांनी आधीच निरोप धाडलाय, सुई टोचली तर जबाबदार कोण? नमुना म्हणून चौघा-पाच जणांकडून मोर करून घेतला, तर टाके इतके वाकडेतिकडे आले की माझी सहकारी म्हणाली, आपण दोघी दिवाळीच्या सुट्टीत बसून उसवू आणि नीट घालू. तसं करावं का? शाळेकडे पैसे जेमतेमच आहेत. — एक शिक्षिका»

बाई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. उसवू नका. तुम्ही दोघींनी बसून घातलेले टाके सुबक येतील यात शंका नाही, पण मग ते काम तुमचं झालं. आपला मोर आपण ठेवला तसा राहिलेला नाही, हे पाचवीतल्या पोराला पहिल्या नजरेत कळतं. तो बोलत नाही एवढंच. पुढच्या वेळी सुई हातात घ्यायच्या आधी तो तुमच्या तोंडाकडे बघतो, आणि एकदा ती सवय लागली की हातातली मजा गेली.

टाक्यांना नावं ठेवू नका, चुकलाय तो मोर. मोराची मान एका सलग वळणाची, पिसाऱ्यातले डोळे एकसारखे, सगळा भर नेमकेपणावर. तिथं टाका जरा हलला की चूक दिसते. दहा-बारा वर्षांच्या हाताला हे काम द्यायचं आणि मग तो हात वाकडा म्हणायचं, हे काही बरोबर नाही. ज्यात वाकडा टाका शोभून दिसतो असं काम निवडून देणं ही आपली जबाबदारी. त्यासाठी तुम्हाला लांब जायला नको. तुमच्या भागात घरोघरी वाकळ असते.

वाकळीकडे एकदा नीट बघा. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरलेली, विरलेल्या जागी वरून ठिगळं, आणि सगळं मिळून एकच टाका : धावदोरा. कडेनं सुरुवात करून चौकटीच्या आत चौकट घेत बाई मध्याकडे सरकत जाते. जवळून पाहिलं तर दोन टाके सारखे नसतात. त्या लहानमोठ्या टाक्यांनीच कापडावर ती बारीक लाट उठते, आणि मशीनवर ती काही केल्या येत नाही. खाली कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी शिवतात, तीही याच जातीची. कोपऱ्यांवर त्या दुमडलेल्या रंगीत तुकड्यांची ‘फुलं’ लावतात. त्या कवंद्या आता प्रदर्शनांतून भिंतीवर टांगलेल्या दिसतात. म्हणजे अंथरायची वस्तू भिंतीवर शोभेल का, ही शंका मनातून काढून टाका.

तुमच्या गावात वाकळा शिवणारी एखादी आजी असेलच. तिला एका तासिकेला बोलवा. हारतुरे, भाषण काही नको. सतरंजीवर बसून तिनं अर्धा तास नुसतं शिवावं, मुलांनी गराडा घालून बघावं. सुई कापडात उभी खुपसायची नाही, आडवी चालवायची आणि एका ओढीत चार-पाच टाके घ्यायचे, हे तुम्ही फळ्यावर काढून दाखवलंत तरी कळणार नाही. तिच्या हाताकडे बघून कळतं.

मोठ्यांनी हात न लावण्याबद्दल आणखी एक उदाहरण देते, म्हणजे सहकारी बाईंना सांगायला बरं पडेल. इजिप्तमध्ये गिझाच्या पिरॅमिडांपासून जवळच हर्रानिया नावाचं गाव आहे. रामसेस विसा वासेफ या वास्तुविशारदानं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं खेड्यातल्या मुलांना माग देऊन चित्रपट्ट, म्हणजे विणूनच चित्र उमटवलेली कापडं, विणायला बसवलं. त्याचे नियम तीन. आधी कागदावर चित्र काढायचं नाही, थेट मागावर विणायचं. दुसऱ्या कुणाची कला समोर ठेवून नक्कल करायची नाही. आणि मोठ्यांनी टीका करायची नाही. त्या मुलांनी विणलेली ताडाची झाडं, कालवे, गाढवं, पक्षी पुढं युरोपातल्या प्रदर्शनांत लागले. ती मुलं मोठी झाली आणि विणतच राहिली. कुणी हे वाचून म्हणेल, इजिप्तची मुलंच गुणी. मला तसं वाटत नाही. त्यांना गप्प बसून बघणारा माणूस मिळाला, आणि भरपूर वेळ मिळाला.

तुमच्याकडे तेवढा वेळ नाही, म्हणून तिसरा नियम मी थोडा वाकवते. जे टिकण्याशी संबंधित आहे ते जरूर सांगा, जे दिसण्याशी आहे ते सांगू नका. गाठ सुटतेय, दोरा इतका ताणलाय की कापड गोळा झालंय, तुकडा एकाच टाक्यावर लोंबतोय, तर मुलाला सांगा आणि त्याच्याच हातानं पुन्हा करवून घ्या. कुत्र्याला पाच पाय आले, विहीर घरापेक्षा मोठी झाली, तर तिकडं बघून पुढं चला. (विहीर मोठी का, हे विचारून बघा मात्र. बहुतेक वेळा उत्तर असतं.)

आता चित्र कशाचं काढायचं ते. मोबाइलवरून घेतलेलं फूल, फुलपाखरू, वारलीची नक्कल नको. वारली वारल्यांची आहे. तुमच्या मुलांकडं त्यांचं स्वतःचं पुष्कळ आहे. एकच प्रश्न द्या : घरून शाळेत येताना वाटेत काय लागतं? ओढा, पिठाची गिरणी, चावरं कुत्रं, एसटीचा थांबा, मारुतीचं देऊळ, पवनचक्क्या, आज्जीच्या घराची पायरी. हे उत्तर ज्याचं त्यालाच देता येतं, शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहिता येत नाही. आणि सगळ्यांच्या चौकोनांतून एकच रस्ता जाऊ दे.

हे कसं जमवायचं ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गंमत त्यातच आहे. प्रत्येक मुलाला ९ इंची चौरस मांजरपाट द्या. चारही बाजूंनी अर्धा इंच शिवणीत जाईल, उरेल ८ इंच. सहा उभ्या रांगा आणि सात आडव्या ओळी घेतल्या तर ४२ घरं होतात. तुमची मुलं ३८. उरलेली चार घरं सगळ्यात खालच्या ओळीच्या मधोमध सलग ठेवा, म्हणजे ३२ इंच लांबीची एक पट्टी मिळते. तिथं मुख्याध्यापकांना हवं तसं शाळेचं ठसठशीत नाव. रस्ता वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघतो, पहिल्या ओळीत डावीकडून उजवीकडे, दुसरीत उजवीकडून डावीकडे, असा घाटातल्यासारखा वळत उतरतो. सहाव्या ओळीच्या शेवटी तो डाव्या कडेला येतो, तिथून खाली एक चौकोन, आणि थेट शाळेच्या नावाला जाऊन मिळतो. उजव्या तळाशी एक चौकोन उरतो, शाळेच्या पलीकडचा. मैदान, किंवा पलीकडच्या वाडीवरून उलट्या बाजूनं येणारं एखादं मूल असेल तर त्याचं घर.

यासाठी तुम्हाला एवढंच करायचंय : वाटण्याआधी प्रत्येक चौकोनाच्या पाठीमागं क्रमांक टाका आणि रस्ता जिथून आत येतो व बाहेर जातो त्या दोन बाजूंच्या मध्यावर टेलरच्या खडूनं खूण करा. बहुतेक घरांत रस्ता आडवा सरळ जातो. कडेच्या १२ घरांत तो वळतो, तिथली खूण दोनदा तपासा. दोन खुणांच्या मध्ये रस्ता कसा न्यायचा, खड्ड्यातून की पुलावरून, ते मूलच बघेल. रस्त्यासाठी जुन्या गणवेशाच्या खाकी चड्ड्या कापून इंचभर रुंद पट्ट्या करा. कडा दुमडत बसू नका. हे धुवायचं कापड नव्हे, थोडे धागे सुटले तर बिघडत नाही. उलट आमच्याकडच्या रस्त्यांच्या कडा कधी सरळ असतात?

कापडाला पैसे लागणार नाहीत. दिवाळीची आवराआवर तोंडावर आहे, कपाटं रिकामी होतील. मुलांना सांगा, आईला विचारून हातभर जुनं सुती कापड आणा. ‘आईला विचारून’ हे दोनदा सांगा, नाहीतर कुणीतरी नव्या साडीचा पदर आणेल. सगळं एका खोक्यात जमा करा आणि त्यातूनच सगळ्यांनी घ्यायचं. कुणी काय आणलं, कुणी काहीच आणलं नाही, याची उजळणी वर्गात होऊ देऊ नका. काही घरांत खरोखरच टाकायला कापड नसतं. कमी पडलं तर पाटणच्या कुठल्याही टेलरच्या पायाशी पिशवीभर चिंध्या पडलेल्या असतात, मागितल्या तर हसून देतो. सुती, खादी, पॉपलिन, खणाचा तुकडा चालेल. सॅटिन, जॉर्जेट आणि टी-शर्टचं होजिअरी बाजूला ठेवा. पहिली दोन हातातून निसटतात, तिसरं ओढलं की वाढतं, आणि मूल स्वतःलाच दोष देतं.

भरतकामाच्या दोऱ्याची लडी ८ मीटरची असते आणि दोरा सहा पदरी. पदर सोडवून तीन-तीन केले की दोघांत एक लडी पुरते. दोरा बोटाच्या टोकापासून कोपराच्या थोडा वरपर्यंतच तोडायचा. लांब दोरा घेतला म्हणजे काम लवकर होतं असं प्रत्येक मुलाला वाटतं, आणि गुंता सोडवण्यात अर्धी तासिका जाते. धावदोरा सगळ्यांना यायला हवा. एखादीला साखळी टाका किंवा काजटाका येत असेल तर तिनं तो चार जणांना शिकवावा. यापलीकडे टाके शिकवू नका, वेळ नाही. पहिली तासिका नुसत्या चिंधीवर जाऊ द्या, दुसऱ्या तासिकेला चौकोन वाटा. सहा-सात तासिकांत चौकोन होतो. ज्याचा आधी होईल त्यानं मोकळ्या जागेत वाकळीसारख्या ओळी घालायला घ्याव्यात.

फेव्हिकॉलचा मोह कुणाला तरी होणारच. तुकडा जागेवर धरायला टाचणी किंवा दोन कच्चे टाके पुरेत. चिकटवलेलं कापड वाळून कडक होतं, त्यातून सुई जाता जात नाही, आणि मूल जोर लावतं. सुई टोचते ती अशा वेळी.

आता त्या पालकांचा निरोप. त्यांच्यावर चिडू नका, प्रश्न रास्त आहे. तुमची मुलं चपला बाहेर काढून सतरंजीवर बसतात, म्हणजे बोटाला टोचलेल्या सुईपेक्षा सतरंजीत हरवलेली सुई वाईट. सहा-सात जणांचा एक गट करा, प्रत्येक गटाला एक पिनकुशन (जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून होतं), त्यात मोजून सुया. तासिका संपली की गटप्रमुख मोजून दाखवेल. एक जरी कमी भरली तरी कुणी उठायचं नाही. बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक जवळ ठेवा, सतरंजीवरून फिरवलं की सुई येते. सुया जरा जाड, मोठ्या नेढ्याच्या घ्या, म्हणजे ओवताना तोंडात धरायची वेळ येत नाही. तोंडात सुई धरणं मात्र पहिल्या दिवसापासून बंद. कात्र्या बोथट टोकाच्या आणि गटाला एकच. टोचलं तर साबण-पाण्यानं धुवायचं. शाळेत दहाव्या वर्षी टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस देतात, ती कुणाची राहिलीय का तेवढं आरोग्यसेविकेला विचारून ठेवा. आणि त्या पालकांना एखाद्या तासिकेला बोलावून एका गटापाशी बसवा. बघत बसलेला माणूस थोड्या वेळानं सुई ओवून द्यायला लागतो, हे मी किती शाळांतून पाहिलंय.

सातवीतल्या मुलांना स्त्री-पुरुष समानतेवर व्याख्यान देऊ नका, ती आणखी आडवी होतील. त्यांचा शर्ट कुणी शिवला ते विचारा. नामदेव महाराज शिंपी होते, हे त्यांना पाठ असतं, पण त्याचा आपल्याशी संबंध जोडलेला नसतो. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातानं काम करत शिकण्याचा मुद्दा मांडला आणि पुढं कितीतरी शाळांतून टकळीवर सूतकताई झाली. घरात कुणी म्हातारे आजोबा असतील तर त्यांना विचारून या म्हणावं. एवढं करून मग त्यांना रस्त्याची जबाबदारी द्या. सगळ्यांच्या पट्ट्या मोजून कापणं, खुणा जुळतात का बघणं, ४२ घरं जमिनीवर मांडून रस्ता सलग जातो का तपासणं. ही पोरं त्यात रंगतात. त्यांचा स्वतःचा चौकोन मात्र त्यांनीच शिवायचा, त्यात सूट नाही.

सगळे चौकोन झाले की जोडकाम मशीनवर, तिथं मुलांचा हात लागला नाही तरी चालेल. आधी आडव्या ओळी, मग ओळींना ओळी. भोवती ३ इंची काठ लावलात तर सगळं मिळून ५४ बाय ६२ इंच भरेल. मागं एक जुनी साधी चादर अस्तर म्हणून आणि मध्ये मऊ सुती साडी. तिन्ही थर सतरंजीवर पसरून कच्चे टाके घाला, आणि मग पुन्हा मुलांना बोलवा. चारही बाजूंनी तीन-तीन जण आळीपाळीनं बसतील, रस्त्याच्या दोन्ही कडांनी तिन्ही थरांतून धावदोरा घालत मध्याकडे सरकतील. या कामाला दोन-तीन दुपारी ठेवा आणि घाई करू नका. कापडावर गप्पा चालतात, कुणाच्या चौकोनातलं कुत्रं कुणाला चावलं होतं ते तेव्हा कळतं. तुम्हीही एका कोपऱ्यावर बसा, तुमचे सुबक टाके तिथं घाला.

टांगण्यासाठी पाठीमागं वरच्या कडेला चार इंच रुंदीचा नेफा शिवा, परकराला असतो तसाच, फक्त रुंद. त्यातून पडद्याचा ॲल्युमिनियमचा रॉड घाला. बांबू दिसतो छान, पण त्याला भुंगा लागला की वर्षभरात पीठ गळतं. खिळे ठोकून कापड थेट भिंतीला लावू नका, वजनानं खिळ्यापाशी फाटतं. दुपारचं ऊन पडतं ती भिंत टाळा. आणि तुमच्याकडचा पाऊस बघता, जूनमध्ये ते उतरवून रॉडभोवती गुंडाळा, सुती कापडात बांधून कपाटात ठेवा. घडी घालू नका, प्लास्टिकमध्ये तर मुळीच नको.

शाळेच्या नावाच्या पट्टीबद्दल एक युक्ती. अक्षरं मोठी, गडद कापडाची कापा, नि ती टाके घालून लावायला शाळेतल्या सगळ्या मोठ्यांना बसवा : मुख्याध्यापक, तुम्ही, सहकारी बाई, खिचडी शिजवणाऱ्या मावशी. एकेकाला एकेक अक्षर. मुख्याध्यापकांनी पाच टाके घातले की मुलांच्या टाक्यांबद्दल ते पुन्हा बोलणार नाहीत. मुलांची नावं मात्र पुढच्या बाजूला नकोत, नाहीतर लोक चित्र न बघता नावंच वाचत बसतात. अस्तरावर, ज्याच्या त्याच्या चौकोनामागं, ज्यानं त्यानं आपलं नाव टाक्यांनी घालावं.

एक गोष्ट पत्रात नाही, पण तुमच्याकडं होणारच म्हणून लिहिते. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीडकडून टोळ्या येतात आणि त्यांची दोन-चार मुलं मध्येच वर्गात दाखल होतात. तोवर तुमचे ३८ चौकोन वाटून झालेले असतील. त्यांना ‘तुम्ही बघा’ म्हणू नका. त्यांच्या वाटेवर तर कितीतरी असतं, ट्रॅक्टर, पालं, दुसऱ्या जिल्ह्यातलं घर. घरं कमी पडतात, म्हणून नावाची पट्टी चार घरांवरून दोन घरांची करा आणि दोन्ही बाजूंचं एकेक घर मोकळं करून त्या मुलांना द्या. तिसरं मूल आलं तर उजव्या तळाच्या घरात दोघांना मिळून शिवू द्या. अक्षरं लहान होतील. मुख्याध्यापक कुरकुरले, तर ताईंनी सांगितलंय म्हणून माझं नाव पुढं करा.